छप्पर उडते ते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या आनंदाच्या दिवशी गाणी आणि फराळ यांच्यामध्ये मी वादळाचा विषय काढते आहे, म्हणून कुणी रागावू नये. ‘काहीतरी उपयोगाचे बोला,’ असे चिटणीसबाईंनी बजावले आहे. मी काही इंजिनियर नव्हे. परंतु एका वर्षाच्या आत माझ्या घरचे छप्पर दोनदा उडाले, एवढा अधिकार मजपाशी खास आहे!

३ जून २०२० चा तो बुधवार आपण कुणीच विसरणार नाही. दुपारी ‘निसर्ग’ वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. सासूबाईंना घेऊन मी माजघराच्या कोपऱ्यात बसले होते. चिऱ्याच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. पण डोक्यावरची कौले बघता बघता गेली आणि पाऊस सरळ देव्हाऱ्यावर पडू लागला. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, ते तुम्ही जाणताच.

पावसाळा दाराशी, त्यात करोनाची टाळेबंदी. कौले मिळेनात, म्हणून पडवीवर पत्रे घातले. सुताराने विचारले, “वहिनी, बोल्ट घालू ना?” मी म्हटले, “आता खिळ्यांवर भागवा. पैसे कुठून आणू?” भगिनींनो, त्या दिवशी मी हजार-बाराशे रुपये वाचवले.

१७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ आले. ते समुद्रातूनच वर गुजराथकडे गेले; आपल्याला त्याचा नुसता पदर लागला. ब्रह्मी भाषेतले हे नाव एका पालीचे आहे म्हणतात. या पालीने माझ्या पडवीचे पत्रे उचलले. शेजारीण हाक मारीत आली, “वहिनी, तुमचा पत्रा आमच्या अंगणात!” तो त्यांच्या गोठ्याच्या कुडात रुतला होता. घटकाभरापूर्वी तिथेच तिचा नातू उभा होता. ती आज इथे समोर बसली आहे. तिने मला एका शब्दाने दुखावले नाही, पण मला कितीतरी रात्री झोप आली नाही.

माझी भाची पुण्यात स्थापत्य अभियंता आहे. ती आली तेव्हा मी तिला विचारले, “अगं, वारा तर आडवा येतो, मग पत्रा वर कसा जातो?” तिने मला कागदावर समजावले. वारा छपरावरून वेगाने जाताना त्याला वर ओढतो. आणि पडवीसारख्या उघड्या जागेत शिरलेला वारा खालून ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. माझी पडवी वीस फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे तिला वर ओढणारी ताकद झाली सुमारे एक टन. आणि पत्र्यांचे वजन शंभर किलोसुद्धा नाही! बिचाऱ्या खिळ्यांनी किती धरावे? खिळा सरळ उपसून येतो. बोल्ट पलीकडून चाकीने आवळलेला असतो.

तेव्हा मला उमगले की, वादळ घर ढकलून पाडते त्याहून अधिक ते उपटून नेते. म्हणून घर नुसते उभे करून भागत नाही, ते खाली बांधून ठेवावे लागते. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडाला, ते लाकूड भिंतीला आणि भिंत पायाला. या साखळीतली एक कडी कच्ची असली, तर बाकीच्या मजबूत असून उपयोग नाही.

तिने सांगितलेल्या गोष्टी मी स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवल्या आहेत. त्या अशा:

छप्पर दुपाखीपेक्षा चौपाखी बरे. त्याला वाऱ्याची ओढ कमी बसते. उतार फार सपाट नसावा. दोन हात आडवे गेले की एक हात चढ असावा. वळचण दीड फुटाहून पुढे काढू नये. पडवीचे छप्पर घराच्या छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे गेलेच तर एकटे जाईल. पत्र्याला आकडीचे बोल्ट व रुंद चकत्या घालाव्यात. कडेला आणि आढ्यापाशी ते अधिक जवळ असावेत, कारण ओढ तिथेच जास्त. कौलारू घरात दर चार-पाच फुटांवर कौलांवरून सिमेंटचा पट्टा ओढावा. वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडावेत. नवे घर बांधताना जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सळईचा काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून फिरवावा.

वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्या, हा समज खोटा आहे. आत शिरलेला वाराच छप्पर उचलतो. खिडक्यांना आतून भक्कम अडसर हवा. आणि समुद्राचे पाणी चढण्याची सूचना आली, तर घराचा मोह सोडून सांगितलेल्या ठिकाणी जावे. बोल्ट वाऱ्याला पुरतो, लाटेला नाही.

आता माझे एवढेच मागणे आहे. आगोटीला आपण मीठ-मिरची भरतो, लाकडे आत घेतो, पापड उन्हात घालतो. त्या यादीत एक ओळ वाढवा: ‘छपराचे बोल्ट पाहणे’. पंधरा मेच्या आत सुताराला वर चढवा; तो उतरला की काय काय आवळले ते स्वतः विचारा. हा पुरुषांचा विषय म्हणून सोडू नका. गळके छप्पर शेवटी आपल्याच चुलीवर गळते. आणि ज्या भगिनीला हा खर्च झेपणार नाही, तिच्यासाठी आपल्या भिशीतून दरसाल थोडी रक्कम बाजूला काढावी, असे मी कार्यकारी मंडळाला सुचवते. पहिले हजार-बाराशे रुपये मी आजच देते. ते मी पूर्वी चुकीच्या जागी वाचवले होते.

 मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आपणा सर्वांच्या डोक्यावरचे छप्पर जागच्या जागी राहो, एवढे बोलून मी आपली रजा घेते.