सर, छेद आता लक्षात राहतो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "तू सॉफ्टवेअरवाली, तर कॉम्प्युटरचं काहीतरी सांग. पण जेवणानंतरची वेळ आहे, झोपवू नकोस." म्हणून कंपनीतलं काही सांगत नाही. साथीच्या रोगांचा तपास करायचं एक सॉफ्टवेअर मी चाळिशीनंतर शिकले, त्याची गोष्ट सांगते. शेवटी त्यात आपली नववीही येणार आहे.

माझी नणंद आरोग्य खात्यात डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिच्याकडच्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. रात्री फोन आला, "अगं, आशाताईंनी घरोघरी फिरून माहिती आणलीय, पण यादीचा नुसता गोंधळ आहे. एपी इन्फोमध्ये घालायचीय. जरा मदत कर."

मी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. अमेरिकेत अटलांटाला सीडीसी नावाची रोगनियंत्रणाची सरकारी संस्था आहे. तिनं १९८५ साली हे सॉफ्टवेअर काढलं. तेव्हा ते डॉसवर चालायचं, नंतर विंडोजवर आलं. मिळतं फुकट. प्रश्नावली तयार करायची, माहिती भरायची आणि त्यावरून तक्ते, आलेख, नकाशे काढायचे, अशी सगळी सोय एकाच ठिकाणी. जेवणाच्या आधीच माणूस आजारी पडला अशी उलटी तारीख कुणी भरली, तर ती अडवायचा नियमही आपल्याला घालता येतो. वीस वर्षं कोड लिहिणाऱ्या बाईला यात काय अवघड? एका संध्याकाळी शिकून टाकू म्हटलं.

बटणं खरंच एका संध्याकाळी आली. त्यामागचा विचार यायला जास्त वेळ लागला.

सरावासाठी त्यात एक जुनी माहिती दिलेली असते. १९४० सालच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो परगण्यात एका चर्चचं सामुदायिक जेवण झालं आणि त्या रात्री लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. जेवायला ८० जण होते. त्यांतल्या ७५ जणांना तपास करणाऱ्यांनी गाठून विचारलं. ४६ जण आजारी पडले होते.

आता या ४६ जणांनाच विचारलं तर काय दिसतं? त्यांतल्या २९ जणांनी हॅम खाल्लं होतं. झालं, आपण हॅमवर खापर फोडून मोकळे! पण तपास करणाऱ्यांनी जे ठणठणीत होते, त्यांनाही विचारलं होतं. मग चित्र असं आलं. हॅम खाणाऱ्यांत शेकडा ६३ आजारी, आणि न खाणाऱ्यांत शेकडा ५९. म्हणजे खा नाहीतर खाऊ नका, फरक जवळपास नाहीच. व्हॅनिला आइस्क्रीमचं मात्र वेगळं. ते खाणारे ५४, त्यांतले ४३ आजारी. न खाणारे २१, त्यांतले फक्त ३ आजारी. शेकडा ८० आणि शेकडा १४. गुन्हेगार सापडला.

हा तक्ता पडद्यावर आला आणि मला गणिताच्या सरांचा आवाज ऐकू आला. सर समोरच बसलेत. पेपरात नुसता अंश लिहून सोडला की सर वहीवर बोट ठेवून विचारायचे, "छेद कुठाय?" सर, तीस वर्षांनी कळलं की तुम्ही गुण कापत होतात ते बरोबरच होतं.

आता माझी चूक सांगते. नणंदेच्या यादीत 'विहिरीचं पाणी प्यालात का?' या रकान्यात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. रिकामे रकाने मला नोकरीच्या सवयीनं बघवत नाहीत. मी एका सूत्रानं सगळीकडे 'नाही' भरून टाकलं. तक्ता झकास आला. विहीर स्पष्ट दोषी. मी अभिमानानं फोन केला.

ताई म्हणाल्या, "रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे गं. रिकामं म्हणजे विचारलेलंच नाही."

घोळ असा होता. आजारी माणसांना आशाताईंनी सगळे प्रश्न विचारले होते. धडधाकट माणसं शेतावर गेलेली, त्यामुळे त्यांचेच रकाने रिकामे राहिले होते. मी त्या सगळ्यांना 'विहिरीचं पाणी न पिणारे निरोगी' करून टाकलं होतं. विहिरीविरुद्धचा पुरावा मीच घरी बसून तयार केला होता. खरं तर सॉफ्टवेअर 'हो', 'नाही' आणि 'माहिती नाही' हे तिन्ही वेगळे ठेवतं. मीच ते पुसलं होतं.

लोक पुन्हा गावात गेले, संध्याकाळी, माणसं घरी असताना. नव्या यादीत विहिरीचं पाणी पिणारे आणि न पिणारे यांच्यात फारसा फरक उरला नाही. फरक दिसला तो नळाच्या पाण्यात. गटाराजवळ नळाच्या पाइपाचा एक जोड फुटलेला निघाला. ती विहीर म्हणजे एका वस्तीचं एकमेव पाणी होतं. माझ्या झकास तक्त्यावर विसंबून ती बंद केली असती, तर त्या बायकांना त्याच नळावर पाठवलं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आठवत होती आपली नववी.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं आजारी होती, आठवतंय ना? मधल्या सुट्टीत उसळ विकणाऱ्या मावशी होत्या. आजारी पडलेल्या सगळ्यांनी सांगितलं, "आम्ही उसळ खाल्ली होती." मीही सांगितलं. मावशी परत शाळेत दिसल्या नाहीत. पण त्या दिवशी उसळ खाल्ली नव्हती कुणी? जी मुलं दुसऱ्या दिवशी हजर होती, त्यांनी काय खाल्लं होतं? त्यांना कुणीच विचारलं नाही. मोठ्यांनी नाही आणि आपणही नाही.

उसळ निर्दोष होती, असं मी म्हणत नाही. असेलही तिचीच चूक. तीस वर्षांनी आपल्या आठवणींवरून तक्ता मांडायला गेले, तर ताई पुन्हा माझे कान धरतील. माझं म्हणणं एवढंच की तो रकाना रिकामा होता, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यात उत्तर लिहून टाकलं. त्यात एका बाईची रोजची भाकरी गेली.

मला मावशींचं नावही आठवत नाही. कुणाला त्यांचं घर, त्यांची मुलं ठाऊक असतील, तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा. मला एकदा जाऊन भेटायचं आहे.

सर, छेद आता लक्षात राहतो.