मुंगीचा आरोग्यधर्म
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



मुंगीची शिस्त, तिची उद्यमशीलता आणि तिची साठवण यांचे गोडवे पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिले. सोबतिणींचे आरोग्य जपण्याचा तिचा गुण मात्र फारसा कोणाच्या नजरेस आला नव्हता.

काळ्या बागमुंग्यांवरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी काही मुंग्यांना रोगकारक बुरशीचा संसर्ग घडविला आणि साऱ्या वसाहतीच्या हालचाली टिपल्या. संसर्ग झालेल्या मुंग्या आजारी पडण्यापूर्वीच वारुळाबाहेर अधिक काळ राहू लागल्या. निरोगी दायांनी पिल्ले अधिक आत हलविली. राणीचे आणि दायांचे रक्षण झाले.

दूर राहणे हा या धर्माचा एक भाग झाला. दुसरा भाग आफ्रिकेतील मातबेले मुंग्यांकडे दिसतो. वाळवीच्या शिकारीत जखमी झालेल्या सोबतिणीला त्या उचलून घरी आणतात आणि तिच्या जखमा चाटून स्वच्छ करतात. आयव्हरी कोस्टमधील अभ्यासात अशा शुश्रूषेविना सुमारे ८० टक्के जखमी मुंग्या दिवसभरात दगावल्या. शुश्रूषा लाभलेल्यांपैकी केवळ १० टक्के.

तथापि पाच पाय गमावलेली मुंगी रणभूमीवरच राहते. तिला कोणी उचलत नाही. येथे मनुष्याने निसर्गाची वाट सोडावी. जो सर्वांत दुर्बल, त्याच्याकडे मनुष्याचे पाऊल प्रथम वळले पाहिजे.

शाळेचा वर्ग हेही एक वारूळच. पूर्ण हजेरीच्या बक्षिसासाठी किंवा चाचणी बुडू नये म्हणून अंगात ताप असलेले मूल शाळेत धाडले जाते. त्यामागे आईवडिलांची कळकळ असते. पण शेजारच्या बाकावर दम्याने बेजार असलेले मूल बसलेले असते, आणि एखाद्याच्या घरी वृद्ध आजी असते. तापात घरी राहिलेल्या मुलाची गैरहजेरी हा दोष मानू नये. तीही वर्गाची सेवाच आहे. मात्र ते मूल परतेल तेव्हा त्याची अपुरी वही पूर्ण करून देणारा सोबती त्याला लाभला पाहिजे, आणि बुडालेली चाचणी पुन्हा देण्याची मुभाही. आजाऱ्याने दूर राहावे, ही अपेक्षा इतरांनी त्याला अंतर न दिल्यासच न्याय्य ठरते.

साठ वर्षांच्या या शाळेने पूर्ण हजेरीचा गौरव अनेकदा केला. यापुढे आजारी सोबत्याची वही लिहून देणाऱ्या हातांचाही गौरव व्हावा.