जोडइंजिनाची मोटार आणि मूळ गाडीची निवड

(आपल्या ज्ञातिसंघाच्या महाबळेश्वर येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी संकोचलो. मी केवळ मॅट्रिक झालेला, खडूफळ्याच्या सहवासात आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक. मोटारीचे शास्त्र मला कोणी शिकविले नाही. परंतु गेल्या वर्षी माझ्या घरातच एक प्रश्न उभा राहिला, आणि तो सोडविताना जे वाचले, पाहिले व मोजले, ते आपल्या तरुणांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आज आपणांपुढे उभा आहे.

माझा पुतण्या कराडजवळ मोटारदुरुस्तीचे छोटेसे गॅरेज चालवितो. एके दिवशी तो दोन मित्रांसह मजकडे आला व म्हणाला, "काका, शर्यतीच्या मैदानावर पळवायला दोन इंजिनांची मोटार बांधायची आहे. एक जुनी परदेशी गाडी स्वस्तात मिळते आहे. तुमच्या फंडातून दोन लाख रुपये द्याल का?" मी विचारले, "तीच गाडी का?" तो म्हणाला, "तिची ताकद मोठी आहे, काका." ह्या उत्तराने मात्र मी धास्तावलो. पैशाची चिंता होतीच. पण गाडी चालविणार होता तो स्वतः, आणि माझ्या दिवंगत बंधूंचा तो एकुलता एक मुलगा आहे. मी म्हटले, "पैसे देईन, पण गाडी कोणती घ्यावयाची हे आपण दोघे मिळून ठरवू."

मित्रहो, ही कल्पना नवी नाही. १९३५ साली इटलीत एन्झो फेरारी यांच्या शर्यतपथकाने अल्फा रोमिओची एक मोटार बांधली. आठ सिलिंडरांचे एक इंजिन चालकाच्या पुढे व दुसरे मागे. दोहोंची मिळून शक्ती सुमारे ५४० अश्वबळ. नुव्होलारी या विख्यात चालकाने तिच्यावर ताशी ३२० किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. परंतु शर्यतीत ती टायर इतक्या झपाट्याने झिजवी की मिळविलेला वेळ टायर बदलण्यात जाई. सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर, मग दुसरे काय होणार?

ह्याच्या उलट फ्रान्समधील सित्रोएन कंपनीची 'सहारा' पाहा. १९५८ साली ती प्रथम पुढे आली. ४२५ सी.सी.ची दोन लहानगी इंजिने. पुढचे पुढची चाके ओढी, मागचे मागची ढकली. वाळवंटात एक बंद पडले तरी दुसऱ्यावर घरी येता येई. अशा ६९४ गाड्या निघाल्या. येथे पळण्याचा हव्यास नव्हता. दोन समान, स्वतंत्र इंजिनांचा मेळ होता.

इंग्लंडात जॉन कूपर यांनी १९६३ साली मिनी मोटारीस मागे दुसरे इंजिन बसविले. मिनीचीच निवड का? कारण तिचे आडवे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाके ही सारी एका लोखंडी चौकटीवर बसविलेली असतात. तीच चौकट मागे बसविली की काम निम्मे झाले. ही गाडी सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ शर्यतीत धावली, तेव्हा मागचे इंजिन फार तापू लागले. कारण तेथे समोरचा वारा पोहोचत नाही. त्याच वर्षी अशाच एका जोडइंजिनी मिनीला अपघात होऊन स्वतः कूपर गंभीर जखमी झाले. पुढे १९८७ साली अमेरिकेतील पाइक्स पीक ह्या १५६ वळणांच्या डोंगरी शर्यतीत फोक्सवॅगनची दोन इंजिनांची गोल्फ शिखराच्या अगदी जवळ येऊन थांबली. इंजिने धडधाकट होती. वंगणासाठी छिद्र पाडलेला चाकाचा एक सांधा तेवढा तुटला. आज आपण पसरणीचा घाट चढून येथे आलो आहोत. वळणावर चाकाचा सांधा तुटणे म्हणजे काय, हे मी आपणांस सांगावयास नको.

ह्या चार गाड्यांची हकीकत पुतण्याला सांगून मी म्हटले, "आपले आजोबा बाजारात बैल कसे पारखीत? एक चपळ व दुसरा मठ्ठ अशी जोडी ते कधीही घेत नसत. उंची जुळली पाहिजे, चाल जुळली पाहिजे. नाही तर जू एकाच्याच मानेवर येते." इंजिनांचेही तसेच आहे. दोन्ही एकाच जातीची, गिअरांचे प्रमाण एक, चाकांचा घेरही एक असावा. म्हणजे पुढची व मागची चाके एकमेकांशी भांडत नाहीत.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. अँबॅसडर भक्कम, पण जड. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन पुढे उभे आणि शक्ती लांब प्रॉपेलर शाफ्टने मागच्या चाकांकडे जाणारी. तिचा पुढचा भाग जसाच्या तसा उचलून मागे बसविला तर चाकांपर्यंत शक्ती पोहोचणारच नाही. नॅनोचे इंजिन मागेच असल्याने पुढे सारी रचना नव्याने करावी लागेल. परदेशी गाडीच्या एकेका भागासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागेल, आणि जोडीसाठी सारे दोन-दोन लागणार! उरली मारुती ८००. १९८३ साली बाजारात आलेली व २०१४ पर्यंत बनलेली ही गाडी हलकी, ७९६ सी.सी.चे आडवे इंजिन पुढच्याच चाकांना जोडलेले. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात.

तेव्हा आमचा निर्णय असा झाला : एक मारुती ८०० घ्यावी ती तिच्या सांगाड्यासाठी. तळाचा पत्रा, खांब व दारांखालच्या पट्ट्या गंजलेल्या नसाव्यात. इंजिन थकलेले असले तरी चालेल, ते दुरुस्त होते. दुसरी तशीच गाडी भंगारातून घ्यावी ती तिच्या पुढच्या भागासाठी. मागे बसविताना इंजिनाची दिशा पुढच्यासारखीच ठेवावी. तोंड फिरवून बसविले तर पुढची चाके पुढे व मागची मागे जाऊ पाहतील. मागच्या चाकांना वळविणारे दांडे पक्के जखडावेत, नाहीतर मागची बाजू आपल्याच मताने वळेल. पेट्रोलची टाकी हलवावी. मागच्या इंजिनास स्वतंत्र रेडिएटर व वाऱ्याची वाट द्यावी. आणि हे सारे करण्यापूर्वी ब्रेक वाढवावेत व आत पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडावा. वाढलेले वजन व वाढलेला वेग जुने ब्रेक कसे पेलणार?

आणखी एक गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदलेल्या गाडीची मूळ घडण बदलून ती रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून एक चिमुकली चारचाकी बनविली. २०२१ साली तिचा बोलबाला झाला, तेव्हा आनंद महिंद्र यांनी त्यांच्या कल्पकतेचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही स्पष्ट सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, व जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. म्हणून आमची गाडी बंदिस्त धावपट्टीवरच पळेल, आणि तेथवर ट्रकवर चढून जाईल, हे मी पुतण्याकडून लिहून घेतले आहे.

फंडातले पैसे मी दिले. दोन लाख नव्हेत, त्याहून पुष्कळच कमी लागले. गाडी अद्याप पुरी झालेली नाही. मागचे इंजिन बसले आहे. ब्रेकचे काम चालू आहे. ती किती पळेल हे मी आज सांगू शकत नाही. पण परवा पुतण्या आपण होऊन म्हणाला, "काका, मागच्या चाकांचे सांधे पुन्हा एकदा तपासल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही." माझ्या पैशांचे मोल मला त्या वाक्यात मिळाले.

तरुण मित्रांनो, धाडस जरूर करा. आपल्या वाडवडिलांनी हातांच्या कौशल्यावरच संसार उभे केले. मात्र कोणत्याही कार्यास पाया निवडताना, त्यात ताकद किती आहे हे विचारण्याआधी, त्यावर आपण जे चढविणार ते त्याला पेलेल काय, हे विचारा. आणि घरातील वडील मंडळींना माझी विनंती आहे, की मुलगा असे काही मागू लागला तर एकदम नकार देऊ नका. त्याच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसा.