नागमोडी रेघ

माझ्या नावापुढे एम. ए. एवढेच आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. वयाची पंचेचाळिशी आली, वीस वर्षे कॉलेजात शिकवतो आहे, आणि डॉक्टरेट नाही. प्रबंध मात्र आहे! कपाटात, अगदी खालच्या फळीवर. त्याच्या पहिल्या प्रकरणाचे सात खर्डे झाले. दुसऱ्याचा एकही नाही. एका बखरीच्या सहा हस्तलिखित प्रती मी ताडून पाहिल्या होत्या. सातवी नगरकडच्या एका वाड्यात आहे असे कानावर आले, आणि ती पाहिल्याशिवाय पुढे लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटू लागले. माझे मार्गदर्शक म्हणत, "अहो, सातवी मिळाली की आठवीची बातमी येईल. तुम्ही लिहा." मी लिहिले नाही. सर निवृत्त झाले.

लोक अशा माणसाला काटेकोर म्हणतात. ते ऐकायला गोड लागते, म्हणून तर हा रोग बरा होत नाही. खरे सांगायचे तर त्यात काटेकोरपणापेक्षा भीतीच जास्त. न लिहिलेल्या ग्रंथात चुका कोण काढणार?

आता खराखुरा काटेकोर माणूस पाहा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले. काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्या. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्या. एक प्रत दुसरीशी जुळेल तर शपथ! शिवाय जुन्यात जुनी पोथीसुद्धा मूळ ग्रंथानंतर कित्येक शतकांनी लिहिलेली. व्यासांचे मूळ शब्द सापडेपर्यंत थांबायचे म्हटले असते, तर आजही थांबावे लागले असते. सुखटणकरांनी हद्द आखून घेतली: हाती असलेल्या पोथ्यांच्या आधाराने जितके मागे जाता येईल तितकेच जायचे. आणि जिथे पाठाची खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेघ छापायची. मला या रेघेचे फार कौतुक वाटते. संशय लपवायचा नाही, आणि त्याच्यासाठी छपाईही अडवायची नाही! पाठभेद खाली टीपेत दिलेलेच आहेत. पटत नसेल त्याने आपला निर्णय करावा.

आमचे विद्यार्थी यावर लगेच विचारतील, "म्हणजे सर, 'चलता है' चालेल ना?" नाही, बाबांनो. आधी त्या टीपा पाहा.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. पुढे नेपाळातून त्याची एक फार जुनी पोथी हाती आली. माझे तर हातपायच गळाले असते. सुखटणकरांनी तिच्यावर १९३८ साली लेख लिहिला. त्यांनी वगळलेले पुष्कळसे श्लोक त्या पोथीतही नव्हते.

१९४३ साली ते वारले. उरलेले काम इतरांनी १९६६ साली तडीस नेले. नेता आले, कारण सुखटणकरांच्या मागे छापलेली पर्वे होती, खर्ड्यांचे गठ्ठे नव्हते.

गेल्या महिन्यात सरांकडे गेलो होतो. म्हटले, "सर, नगरची प्रत अजून पाहिलेली नाही." "मग तसं लिहा ना!" सर म्हणाले, "आणि माझे डोळे चालताहेत तोवर आणून दाखवा."

दुसऱ्या प्रकरणाची चौदा पाने झाली आहेत. पाचव्या पानावर एका तारखेखाली नागमोडी रेघ आहे.