दवाखान्याच्या दारातील फळा



कै. गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, संतवाङ्मय अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीला कुत्र्यामांजरांच्या डॉक्टराने येऊन बसावे, हे माझे मलाच थोडे धाडसाचे वाटते. परंतु गुरुजी विज्ञान शिकवीत आणि खडूवाचून ज्ञान पोचत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. माझ्या बेळगावातील छोट्या दवाखान्याच्या दारातही एक काळा फळा टांगलेला आहे. त्यावर गेली अनेक वर्षे मी काय लिहीत आलो आणि का लिहीत आलो, एवढेच आज सांगणार आहे.

पूर्वी आपल्याकडे कुत्रे असे ते गल्लीचे. चार घरची भाकरी खाऊन ते कुणाच्या तरी कट्ट्यावर झोपे. मांजर उंदरांसाठी पाळलेले, तेही आपल्या मर्जीचे मालक. आजारी पडले तर ते कुठेतरी निघून जाई आणि आपण त्याची फारशी चौकशी करीत नसू. डॉक्टर बोलवायचा तो म्हशीसाठी. आज तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत लॅब्रॅडोर राहतो आणि त्याचा वाढदिवसही साजरा होतो. माया वाढली याचा मला आनंदच आहे. परंतु मायेच्या मानाने माहिती वाढलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचा रुग्ण बोलत नाही. त्याची हकीकत सांगायची ती घरच्या माणसाने. 'केव्हापासून जेवत नाही?' असे विचारावे तर नवरा म्हणतो कालपासून, बायको म्हणते परवापासून, आणि कोपऱ्यात उभी असलेली लहान मुलगी हळूच सांगते की सोमवारीच त्याने ओकारी केली होती. बहुतेक वेळा त्या मुलीचे खरे असते! म्हणून जनावर धडधाकट असतानाच मी मालकाला चार गोष्टी शिकवतो. कुत्र्याचे ओठ उचलून हिरड्यांचा नेहमीचा गुलाबी रंग पाहून ठेवा, म्हणजे त्या पांढुरक्या किंवा पिवळ्या झाल्यावर ओळखता येतील. झोपेत त्याचे श्वास एक मिनिट मोजा. त्याच्या अंगाचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, तेव्हा हाताला गरम लागले की ताप समजू नका. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

फळा कोणत्या भाषेत लिहावा, हा आपल्या गावात नाजूक प्रश्न आहे, हे मी आपणांस सांगायला नको. औषध कंपन्यांची चकचकीत पत्रके इंग्रजीत येतात. ती भिंतीवर शोभतात, वाचीत कोणी नाही. मी अर्धा फळा मराठीत लिहितो आणि उरलेला अर्धा आमचा कंपाउंडर कन्नडमध्ये लिहितो. त्याचे अक्षर माझ्याहून सुरेख आहे. जंत, गोचीड, हगवण ही दुखणी सीमा पाहून येत नाहीत. शब्द मात्र माणसाच्या घरातला हवा.

तथापि घरातला शब्दही कधी कधी फसवतो. 'पिसाळलेले कुत्रे' हा आपला शब्द घ्या, किंवा कन्नडमधील 'हुच्चु नायि'. दोन्ही ऐकताच डोळ्यांपुढे येते ते सैरावैरा धावणारे आणि दिसेल त्याला चावणारे जनावर. रेबीजचे हे एक रूप खरेच. पण दुसरे रूप मुके असते. कुत्रे शांतपणे अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणीही गिळता येत नाही. आवाज बदलतो, मग मागचे पाय लुळे पडतात. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. एकदा एक गृहस्थ अशाच कुत्र्याला कडेवर घेऊन माझ्याकडे आले होते. तीन माणसांनी आळीपाळीने त्याच्या तोंडात बोटे घालून हाड शोधले होते. कुत्रे गेले. त्या तिघांना मी त्याच दिवशी लस घ्यायला पाठवले आणि ते सुखरूप राहिले. त्या संध्याकाळी फळ्यावर लिहिलेले वाक्य आजही दर महिन्याला एकदा लिहितो : 'जबडा लोंबतो आहे? तोंडात हात घालू नका.'

या रोगाविषयी थोडे अधिक बोलण्याची परवानगी द्यावी, कारण समोर मुले बसली आहेत. संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मुले चावा लपवतात. मांजराचे पिल्लू ओरबाडते, गल्लीतले कुत्र्याचे पोर खेळताना दात लावते. मूल पायमोजा वर ओढते आणि गप्प राहते. का? तर आजोबांनी सांगितलेले असते, पोटात चौदा इंजेक्शने. आजोबांचे खोटे नव्हते. कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस आपल्याकडे तशीच पोटात टोचली जाई. पण ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात घ्यावयाची, तीही चार किंवा पाच वेळा. जखम रक्त येण्याइतकी असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पोट आणि चौदा हे दोन शब्द घरातून हद्दपार झाले, तरी कित्येक मुले चावल्याचे सांगू लागतील.

चावल्यावर लोक काय करतात? मिरचीपूड भरतात, चुना लावतात, हळद दाबतात. करावयाचे ते याहून सोपे आहे : नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते, साबणाने ते विरघळते. पंधरा मिनिटे ही शाळेच्या अर्ध्या तासिकेएवढी वेळ आहे, दोन चुळा भरण्याइतकी नव्हे. लगेच नंतर रुग्णालय. पाळलेले कुत्रे असेल तर ते दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. त्याला मारू नये, कारण दहा दिवस ते नीट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे त्यावरूनच कळते. मात्र दहा दिवस संपेपर्यंत आपली लस थांबवू नये. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे निघालेला असतो. त्याने मेंदू गाठला आणि लक्षणे दिसू लागली की माझ्या शास्त्राकडे काय किंवा माणसांच्या डॉक्टरांकडे काय, उपाय जवळजवळ नाहीच.

हे आपल्या हातून होण्यासारखे आहे का, अशी शंका घेणाऱ्यांनी चोर्ल्याचा घाट उतरून पाहावे. गोव्यात गेल्या दशकात दरवर्षी हजारो कुत्र्यांना, गल्लीतल्यांनाही, जाळ्याने किंवा हाताने धरून लस टोचण्यात आली. टोचलेल्याच्या अंगावर रंगाची खूण केली गेली आणि शाळाशाळांतून मुलांना धडे दिले गेले. तेथे २०१८ आणि २०१९ या वर्षांत रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. कुत्री तीच, माणसे आपल्यासारखीच.

औषधांच्या बाबतीत मी अंमळ कठोर आहे. घरात ताप आला की जी गोळी आपण घेतो, तिचा तुकडा मांजरालाही देण्याची पद्धत आहे. पॅरासिटॅमॉल पचवण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नाही. एका गोळीनेही त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते आणि ते दगावते. कुत्र्याला आपली अंगदुखीची गोळी दिली तर जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांचीही गणना याच यादीत करावी. प्रसादाच्या शिऱ्यातील मनुका वेचून मगच कुत्र्याला द्या, असे मी म्हटले म्हणजे आजीबाई हसतात. हसू द्यात, पण त्या वेचतात.

पावसाळ्याचा विषय आपल्या गावात टाळता येत नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस जनावरांना होतो, माणसालाही होतो. पिल्लांच्या रक्ताच्या हगवणीचा, म्हणजे पार्व्होचा, विषाणू अंगणातील मातीत कित्येक महिने टिकतो. ज्या घरात पिल्लू त्या रोगाने गेले, त्यांनी जागा ब्लीचिंग पावडरने धुवावी आणि लसी पुऱ्या न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये. लोक चौथ्या दिवशी आणतात. दुःख हलके करण्यासाठी आणतात, हे मी जाणतो, आणि तरीही रागावतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांना महापूर आला. चिकोडी, अथणी, गोकाक भागांत काय झाले, हे आपण विसरला नसाल. पाणी रात्री चढते आणि दाव्याला बांधलेले जनावर बांधलेलेच राहते. जनावराला पोहता येते, गाठ सोडता येत नाही. म्हणून जून लागला की फळ्यावर येते : 'दावे एका ओढीने सुटेल अशा गाठीने बांधा. घर सोडताना सोबत नेता येत नसेल तर निदान सोडून द्या.' त्याखाली पिशवीची यादी असते. लसीकरणाची पुस्तिका प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, जनावराचा छायाचित्रासह एक कागद, पट्टा, तोंडाला बांधायची जाळी, चालू औषधे आणि तीन दिवसांचे खाणे. भेदरलेले कुत्रे आपल्या माणसालाही चावते, तेव्हा जाळी विसरू नये.

शाळेच्या विनंतीवरून हा मजकूर एका पुठ्ठ्याच्या कार्डावर छापून आणला आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. वरच्या कोपऱ्यातील रिकाम्या चौकटीत आपल्या जवळच्या दवाखान्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक स्वतःच्या हाताने लिहावा. कार्डे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. विद्यार्थ्यांनी रांगेने घ्यावीत, आणि ज्यांना या महिन्यात कुत्र्याने किंवा मांजराने ओरबाडले आहे आणि घरी सांगितलेले नाही, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे. मी रागावणार नाही.