पेटी बदलण्यापूर्वी



खेड्यातली गाडी नावाला एका घराची असते, पण अडीनडीला ती साऱ्या आळीची होते. रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायचं तर तिच्याच दारी धाव घ्यावी लागते. अशी गाडी एखाद्या पावसाळी सकाळी अडून बसते. दिवे मिणमिणतात, दरवाज्यांची कुलपं आपोआप खटखट करतात, सेल्फ मारावा तर नुसती टकटक. गॅरेजमध्ये निदान होतं, "गाडीचा मेंदू गेला, नवा टाकावा लागेल." हा मेंदू हजारो रुपयांचा असतो. तेव्हा हे निदान केव्हा मानावं आणि केव्हा मानू नये, एवढंच आज आपण पाहू.

पूर्वी स्विचपासून दिव्यापर्यंत सरळ तार जात असे. आता बऱ्याच गाड्यांत स्विच फक्त निरोप देतो. तो निरोप एका मध्यवर्ती पेटीकडे जातो आणि मग ती पेटी दिव्याला, भोंग्याला, वायपरला वीज सोडते. कुलपांचा कारभारही तिच्याकडेच असतो आणि काही गाड्यांत किल्लीची ओळखसुद्धा. इंजिनाची पेटी निराळी. या पेट्या एकमेकींशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. 'कॅन' नावाची ही पद्धत जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली.

आता तपासणी. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी आणि तिची टोकं पाहावीत. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. वीज अपुरी पडली की पेटी वेड्यासारखी वागते. माणूस उपाशीपोटी बरळला म्हणून त्याला कोणी वेडा ठरवत नाही, तसंच हे.

दुसरी पायरी स्कॅनरची. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या गाड्यांतही ते असतं. स्कॅनर जोडला की दोषाचे सांकेतिक क्रमांक दिसतात. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगचा भाग आणि 'यू' म्हणजे पेट्यांमधलं बोलणं. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरतंच वाचतो, हे ध्यानात ठेवावं. क्रमांक पुसण्याआधी, बॅटरी काढण्याआधी, वहीत उतरवून घ्यावेत.

हा क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, साक्ष आहे. 'यू ०१००' याचा अर्थ इंजिनाच्या पेटीकडून उत्तर येत नाही, एवढाच. पाटलाच्या वाड्यातून हाकेला ओ आली नाही असं कोतवालाने सांगितलं, म्हणून पाटील गेले असं कोणी समजत नाही. दार बंद असेल, वाट तुटली असेल.

ती वाट पाहणं ही तिसरी पायरी. गाडीच्या पुस्तकातला नकाशा पाहून फ्यूज मीटरने तपासावेत. मग अर्थ. दिवे लावून मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं पेटीची अर्थ जिथे बॉडीला कसली आहे तिथे लावावं. पाव व्होल्टपेक्षा जास्त भरलं, तर त्या जोडात गंज आहे किंवा बोल्ट ढिला आहे.

मध्यवर्ती पेटी बहुधा डॅशबोर्डखाली, फ्यूजच्या जवळपास असते. तिथे हात घालण्यापूर्वी किल्ली काढावी, बॅटरीचं ऋण टोक सोडावं आणि पुस्तकात सांगितलेली मिनिटं थांबावं. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये. मग पायाखालचा गालिचा ओला आहे का, कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढलाय का, उंदराने तार कुरतडलीय का, हे नीट पाहावं. कोकणातल्या पावसात आणि धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या असणाऱ्या गाडीत दोष पुष्कळदा इथेच सापडतो.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी यातला एक पाठ वर्गासाठी जरूर घ्यावा. कॅनच्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो. बॅटरी सोडून सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजलं, तर पुष्कळ गाड्यांत सुमारे ६० ओहम भरतात. समांतर जोडणीचं गणित मुलांना गाडीतच दिसतं. १२० भरले, तर एका टोकाकडची वाट तुटली असावी.

मग पेटी खरोखर बिघडली असं केव्हा म्हणावं? तिला वीज पोचते, अर्थ मिळते, स्विचचा निरोप येतो, पुढची तार शाबूत आहे, आणि तरीही ती काम करीत नाही, तेव्हाच. अशा वेळीही भंगारातली पेटी आणून बसवली की झालं, असं नसतं. पुष्कळ गाड्यांत नव्या पेटीला त्या गाडीची आणि किल्लीची ओळख शिकवावी लागते.

एक पथ्य सांगून ठेवतो. गाडीला हूक किंवा कॅरिअर वेल्ड करायचं असेल, तर आधी बॅटरी सोडावी आणि पुस्तकात सांगितलं असेल तर पेटीचे कपलरही काढावेत. वेल्डिंगचा प्रवाह नाजूक पेटीतून गेला, तर धडधाकट मेंदूही बाद होतो.

आपल्याला मिस्त्री व्हायचं नाही. पण "पेटी गेली" असं कोणी म्हटलं, तर नम्रपणे एवढं जरूर विचारावं : "दादा, पेटीला वीज आणि अर्थ मिळते का, ते जरा मीटरवर दाखवता?" जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावणार नाही. तो मीटर काढील.