वाळवंटाखालचे पाणी

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



प्रवासवर्णन हा आपल्या वाचकांचा लाडका प्रांत. मीना प्रभू यांचे ‘गाथा इराणी’ वाचून त्या देशाची ओढ लागलेले सभासद या सभागृहात पुष्कळ असतील. मी त्यांच्यापैकीच एक. २०१८च्या ऑक्टोबरात तिकडे जाण्याचा योग आला. जून २०२५ मध्ये त्या देशाच्या शहरांवर बॉम्ब पडले, तेव्हा ओळखीच्या गल्ल्यांची नावे बातम्यांत ऐकून मन कातर झाले होते.

इराण परका वाटत नाही, याचे पहिले कारण भाषा. बाग, बाजार, दुकान, दरवाजा, कारखाना हे आपले रोजचे शब्द तिकडचेच; आपला ‘पेशवा’ही फारसी. माधव जूलियन यांनी १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, हे जुन्या सभासदांस सांगावयास नको. शिराझमध्ये हाफिजच्या कबरीपाशी साधीसुधी माणसे त्याच्या ओळी तोंडपाठ म्हणताना ऐकली, तेव्हा फारसीचा अभ्यास करणाऱ्या मराठी प्राध्यापकाची आठवण झाली. तेथील बागांत नारिंजाची झाडे फार. आपला ‘नारंग’ शब्दच इराणमार्गे पश्चिमेस गेला. गोड मोसंब्यासारख्या फळाला मात्र ते ‘पोर्तेगाल’ म्हणतात. संत्र्याच्या मुलखातून आलेल्या माणसाला याची गंमत वाटणारच.

उत्तरेस अल्बुर्झ पर्वत, त्यात सुमारे ५,६०० मीटर उंचीचे दमावंद शिखर. पश्चिमेस झाग्रोसच्या रांगा. मध्ये कवीर आणि लूत ही दोन अफाट वाळवंटे. देश आपल्या भारताच्या निम्म्याएवढा. तेहरानच्या गर्दीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, गर्दी सगळीकडे सारखीच. मी रमलो तो यज्द शहरात.

यज्दला वर्षभरात साठ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे श्रावणातल्या एका चांगल्या दिवसात तेवढा पडून जातो! मुंबई-पुण्याचे कितीतरी इराणी हॉटेलवाले मूळचे याच भागातले. अशा ठिकाणी माणसे हजारो वर्षे राहिली, बागा लावल्या, हे कसे साधले? याचे उत्तर जमिनीखाली आहे. त्याला ‘कनात’ म्हणतात; आपल्या तंबूच्या कनातीशी घोळ करू नये. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याला लागेपर्यंत एक खोल विहीर खणावयाची, आणि तिच्या तळापासून गावापर्यंत अगदी मंद उताराचे भुयार काढावयाचे. वाटेत ठराविक अंतरावर माती काढण्यासाठी आणि हवेसाठी उभ्या विहिरी. वरून पाहिले तर वारुळांची ओळ दिसावी तशी ती दिसते. पाणी आपल्या वजनाने वाहत येते. ना मोट, ना पंप, ना उन्हात वाफ होण्याचे भय. गोनाबादची कनात तेहतीस किलोमीटर लांब असून तिची मूळ विहीर तीनशे मीटरांहून खोल आहे. भुयारात उतरणारे मुकन्नी पांढरे कपडे घालीत. अंधारात ते दिसत, आणि दरड कोसळलीच तर तेच कफन.

पाण्याची वाटणी कशी होई? तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे मोठ्या भांड्यातील पाण्यावर सोडीत. ते बुडाले की एक माप झाले. हे आपले घटिकापात्रच. आपण त्यावर लग्नाचा मुहूर्त साधीत होतो, त्यांनी शेताची पाळी साधली.

आता या कथेची दुसरी बाजू. १९६३ नंतरच्या जमीनसुधारणांत जुने जमीनदार गेले, ते योग्यच झाले. पण कनातीची सामाईक डागडुजी पाहणारी व्यवस्थाही मोडली. त्याच सुमारास पंप आले. कनात डोंगर देईल तेवढेच घेते. पंप मागेल तेवढे घेतो. शेजारी खोल विहीर झाली, की कनातीचे तोंड कोरडे पडते. इस्फहानमध्ये झायंदे नदीवर शाह अब्बासच्या काळातला तेहतीस कमानींचा पूल आहे. मी गेलो तेव्हा त्याखाली पाण्याचा टिपूस नव्हता. संध्याकाळी लोक कमानींत बसून गात होते, मुले नदीच्या पात्रात सायकली चालवीत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच कोरड्या पात्रात पाण्यासाठी हजारो शेतकरी जमले. उपशामुळे त्या शहराची जमीनही खचते आहे.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, बुऱ्हाणपुरास, सुमारे १६१५ साली अब्दुल रहीम खानखानानच्या काळात एका इराणी जाणकाराने अशीच भुयारे काढली. कुंडी भंडारा तो हाच. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेत अडवून शंभरावर कुंड्यांतून त्याने शहरात नेले. खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवली गेली. ते पाहण्यासाठी पारपत्र लागत नाही.

पांढुर्णा-सौंसरच्या बागांचे काय? माझ्या आजोबांच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होते. माझ्या चुलतभावाने त्याच वावरात तीन बोअर मारले, प्रत्येक आधीच्याहून खोल. काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी असते ते भेगांपुरतेच. खाली गेलो म्हणून ते वाढत नाही. तिसरा बोअर कोरडा निघाला त्या उन्हाळ्यात शंभर झाडे वाळली, ती त्याने स्वतःच तोडली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा त्याने मला विचारले, जिल्ह्याबरोबर पाण्याचा हिशेब ठेवणारा कोणी येणार का? मजजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर या सभागृहातील बागाईतदारांनी एकत्र बसून शोधावे, आणि त्या बैठकीसाठी ग्रंथालयाने आपली ही खोली द्यावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.